चिंतेसाठी सीबीटी करणारा सायकॉलॉजिस्ट कसा पारखावा

त्या वर्षी माझ्या पर्समध्ये तीन ईसीजी होते. तिन्ही नॉर्मल. डोंबिवलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये छाती धडधडायला लागायची, हातपाय गार पडायचे, आता आपण काही वाचत नाही असं वाटायचं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं निवळलेलं असायचं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "हार्ट ठणठणीत आहे. सीबीटी करणारा कुणीतरी सायकॉलॉजिस्ट गाठा." चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, विचार आणि वागणं बदलून करायचा उपचार, हे मला पुढे कळलं.

कुठे जायचं, समोरच्या माणसाने काय शिकलेलं असावं, ते शिकलाय की नाही हे आपण कसं ओळखायचं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. पहिल्या खेपेला चुकीचं दार ठोठावलं. सहा सत्रं झाली, पैसे गेले, लोकल तिथल्या तिथे. दुसऱ्या खेपेला चौकशी करून गेले. ती चौकशी कशी करायची तेवढंच इथे लिहिते आहे. मी तज्ज्ञ नाही, उपचार घेऊन बाहेर पडलेली बाई आहे. तेव्हा हे त्याच नजरेने वाचा.

पायरी १ : आधी शरीर तपासून घ्या, पण एकदाच

थायरॉइड वाढलेलं असलं तरी हुबेहूब हीच लक्षणं दिसतात: धडधड, घाम, हात थरथरणं, झोप उडणं. हिमोग्लोबिन कमी असेल तरी धाप लागते. म्हणून फॅमिली डॉक्टरकडे जाऊन टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) आणि ते म्हणतील तर ईसीजी करून घ्या. दिवसाला चहा-कॉफी किती होते, तेही खरं खरं सांगा. माझे सहा कप होते आणि मी 'दोन-तीन' सांगत असे.

रिपोर्ट नॉर्मल आले की तिथे थांबा. पुन्हा पुन्हा तपासण्या करत राहणं हाही चिंतेचाच एक चाळा आहे. रिपोर्ट हातात पडला की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी 'लॅबने चूक केली असेल तर?' सुरू होतं.

याच टप्प्यावर जीएडी-७ नावाची, चिंता मोजणारी प्रश्नावली भरून ठेवली तर पुढे उपयोगी पडते. ती २००६ साली तयार झाली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. साधारणपणे ५ च्या पुढे सौम्य, १० च्या पुढे मध्यम, १५ च्या पुढे तीव्र चिंता मानतात. यावरून निदान होत नाही, ते तज्ज्ञच करतो. पण पहिला आकडा लिहून ठेवलेला असला की दोन महिन्यांनी फरक पडला की नाही, हे कुणाच्या तोंडाकडे न बघता कळतं.

पायरी २ : पाट्यांवरच्या नावांचा घोळ सोडवा

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हा एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात शिकलेला डॉक्टर असतो आणि तो औषधं लिहून देतो. सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसशास्त्रज्ञ, औषधं देत नाही; बोलून आणि सराव करून घेऊन उपचार करतो. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. हा शब्द मात्र इतका सैल झालाय की दोन वर्षं शिकलेलाही समुपदेशक आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही समुपदेशकच. बोलीभाषेत आपण या तिघांनाही 'मानसोपचारवाले' म्हणून मोकळे होतो, आणि चुकीच्या दाराची सुरुवात तिथूनच होते.

तीव्र त्रासात औषधं आणि सीबीटी दोन्ही बरोबर चालू शकतात. औषधं चालू असतील तर सायकॉलॉजिस्टकडे जायला लागलो म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. झोपेच्या आणि शामक गोळ्या तर अजिबातच नाही; त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात.

पायरी ३ : नोंदणी तपासा

भारतात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी कुणीही लावायची नसते. १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवते. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला प्रत्येकाचा क्रमांक असतो, त्याला सीआरआर नंबर म्हणतात. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नंबर टाकून शोधता येतं. नोंदणी कायमची नसते. ठरावीक वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि मधल्या काळात प्रशिक्षणं करून गुण मिळवावे लागतात. म्हणून नाव सापडलं तरी मुदत संपली आहे का, ते बघा.

या नोंदणीसाठी आजवर मुख्य रस्ता होता तो एम.ए. नंतरच्या दोन वर्षांच्या, पूर्णवेळ, रुग्णालयात काम करत करायच्या एम.फिल. चा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या करताना हेच शिक्षण धरलं आहे. देशभर एम.फिल. बंद करायचं ठरलं तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुभा दिली. त्यामुळे इथून पुढे पाट्यांवर वेगळ्या पदव्याही दिसतील. नाव बदललं म्हणून घाबरू नका, नंबर विचारा.

आता एक अडचण. मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशनात उतरलेल्या पुष्कळ लोकांकडे हा नंबर नसतो, कारण त्यांचं शिक्षण त्या वाटेचं नाही. त्यांच्यातही उत्तम माणसं आहेत. नंबर नाही म्हणून लगेच फुली मारू नका, पण अशा वेळी पुढची पायरी दुप्पट काळजीने करा. आणि नंबर नसताना कुणी स्वतःला 'क्लिनिकल' म्हणवत असेल, तर तिथूनच परत फिरा.

पायरी ४ : सीबीटी नेमकी कुठे शिकलात?

इथेच बहुतेक जण फसतात. मीही फसले. पहिल्या ठिकाणी भिंतीवर प्रमाणपत्रं होती, नोंदणी होती, माणूस सज्जन होता. प्रत्येक सत्रात तो माझं बालपण, सासर, ऑफिस सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा. बाहेर पडताना हलकं वाटायचं आणि स्टेशनचा जिना दिसला की पुन्हा पोटात गोळा. ऐकून घेणं वाईट नाही. पण ती सीबीटी नव्हती, आणि मला चिठ्ठीवर तेवढंच लिहून दिलं होतं.

सीबीटी हे एका उपचाराचं नाव नाही, एका घराण्याचं आहे. अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपली पद्धत मांडायला सुरुवात केली. तिला आज आरईबीटी म्हणतात, म्हणजे रॅशनल (विवेकनिष्ठ) इमोटिव्ह बिहेविअर थेरपी. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली, म्हणून महाराष्ट्रात 'विवेकनिष्ठ' हा शब्द अनेकांच्या कानावर असतो. ॲरन बेकने १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात आधी नैराश्यासाठी आणि मग चिंतेसाठी आपली पद्धत उभी केली. बेक १९२१ ते २०२१ असं पुरं शतक जगला. तिसरी फांदी वर्तनाची: ज्याची भीती वाटते त्याच्या टप्प्याटप्प्याने जवळ जायचं. जोसेफ वोल्पीने १९५८ मध्ये तिची मांडणी केली. चिंतेच्या बाबतीत ही तिसरी फांदी सोडून चालत नाही. विचारांची चर्चा कितीही रंगली तरी लोकलमध्ये पाऊल टाकल्याशिवाय लोकलची भीती जात नाही.

तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर 'सीबीटी, डीबीटी, एनएलपी, हिप्नो, माइंडफुलनेस, टॅरो' अशी माळ दिसली तर त्यातली सीबीटी किती खोल आहे ते विचारायला हवं. (टॅरो मी खरोखर पाहिलंय, ठाण्यातच.) एम.फिल. च्या अभ्यासक्रमात सीबीटी असतेच. त्यावर पुढे काहींनी अमेरिकेतल्या बेक इन्स्टिट्यूटचे कोर्स केलेले असतात, काहींनी एलिस इन्स्टिट्यूटचे प्रायमरी आणि ॲडव्हान्स्ड टप्पे. प्रायमरी म्हणजे काही दिवसांचं शिबिर असतं. त्याला हसू नका आणि त्याने दिपूनही जाऊ नका.

प्रमाणपत्रापेक्षा वजनदार गोष्ट म्हणजे सुपरव्हिजन. गाण्याच्या क्लासला जाऊन आलेला आणि गुरूसमोर बसून गायलेला यांच्यात जो फरक असतो, तोच इथे. सीबीटीत अनुभवी सुपरव्हायझर शिकणाऱ्याच्या सत्राचं रेकॉर्डिंग, अर्थातच पेशंटच्या परवानगीने, ऐकतो आणि गुण देतो. त्यासाठी एक ठरलेली मोजपट्टीही आहे: ११ मुद्दे, प्रत्येकी ० ते ६, एकूण ६६, आणि ४० च्या पुढे गेलं की काम येतं असं मानतात. तुमच्या सायकॉलॉजिस्टला किती मिळाले ते विचारायचं नाही. पण "तुमची सत्रं कुणी ऐकून तपासली आहेत का? आजही अवघड केस आली तर कुणाशी बोलता?" हे खुशाल विचारा. ज्याने हे केलंय तो खूश होऊन सांगतो.

पायरी ५ : फोनवरचे पाच प्रश्न

अपॉइंटमेंट घेण्याआधी दहा मिनिटं मागा. रिसेप्शनिस्टने उत्तरं दिली तर ती धरू नका.

"माझ्यासारखे पॅनिकचे, म्हणजे अचानक येणाऱ्या जबर भीतीच्या झटक्यांचे (किंवा सततच्या काळजीचे, किंवा चारचौघांत बोलायच्या भीतीचे) मोठ्या वयाचे पेशंट तुम्ही नेहमी बघता का?" मुलांच्या अभ्यासाच्या समस्यांत हातखंडा असलेला माणूस पॅनिकमध्येही तितकाच तरबेज असेल असं नाही.

"उपचार कसे असतील?" याचं चांगलं उत्तर साध्या मराठीत येतं: आधी एक-दोन सत्रं समजून घेण्यात जातील, मग तुमच्या त्रासाचा नकाशा काढू, घरी सराव देऊ, भीतीच्या जागी हळूहळू जाऊ. "आपण बोलू, बघू, मन मोकळं होईल" एवढंच आलं तर ती सीबीटी नाही. "तीन सत्रांत मुळापासून घालवतो" आलं तर फोन ठेवा.

"साधारण किती सत्रं?" सततच्या चिंतेसाठी उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची शिफारस आठवड्याला एक तास, अशी १२ ते १५ सत्रं, अशी आहे. आपल्याकडेही अंदाज त्याच्याच आसपास सांगतात. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. पण अंदाजच द्यायला तयार नसेल तर विचार करा.

"सुधारणा होतेय हे कसं मोजाल?"

आणि शेवटचा, फीचा. किती मिनिटांचे किती, आयत्या वेळी रद्द केलं तर काय, ऑनलाइन चालतं का. हे विचारायला लाजू नका. आपण भाजी घेतानाही विचारतो. खासगी फी झेपत नसेल तर सरकारी रुग्णालयांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून जाता येतं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात चालत-बोलत, नोकरी करणारी माणसंही येतात. ठाण्यातल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या १९९० पासून काम करणाऱ्या संस्थाही आहेत. सरकारी ठिकाणी गर्दीमुळे दर आठवड्याला तासभर मिळेलच असं नाही, हे धरून चला. विम्याचं म्हणाल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं असं २०१७ चा कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीतल्या सत्रांचा खर्च सहसा खिशातूनच होतो.

पायरी ६ : भाषा जुळते का बघा

ही पायरी कुठल्याच यादीत नसते, म्हणून मुद्दाम घालते. इंग्रजीत 'आय फील ॲन्क्शस' म्हणून मोकळं होता येतं. मराठीत धाकधूक वेगळी, हुरहूर वेगळी, धास्ती वेगळी, जीव टांगणीला लागणं वेगळं. माझ्या दुसऱ्या सायकॉलॉजिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "धडधड आधी होते की 'आता मेले' हा विचार आधी येतो?" तोवर मी दोन्ही एकाच श्वासात सांगत होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी पकडली. मराठीत 'काळजी करणं' आणि 'काळजी घेणं' यात शब्द एकच आहे. मुलगी क्लासहून दहा मिनिटं उशिरा आली की मी घामाघूम व्हायची, आणि ते सोडून द्यायला सांगितलं की मला वाटायचं, म्हणजे मी आई म्हणून कमी पडायचं का? "करणं सोडायचंय, घेणं नाही," बाई म्हणाल्या. हे मला इंग्रजीतून कधी कळलं नसतं. घरात मराठी बोलत असाल तर मराठी बोलणाऱ्याकडेच जा, निदान मराठीत रडलेलं समजेल अशाकडे.

पायरी ७ : पहिल्या चार सत्रांत काय दिसायला हवं

पहिल्या सत्रात ते गोपनीयतेबद्दल आपणहून सांगतील. तुम्ही बोललेलं बाहेर जात नाही, जिवाला धोका असेल तर अपवाद. माहिती गुप्त राहण्याचा हक्क कायद्यानेही दिलेला आहे, तेव्हा नवऱ्याने किंवा सासूने फोन करून "काय म्हणते ती?" विचारलं तर त्यांनी उत्तर देता कामा नये.

दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापर्यंत तुमच्यासमोर कागदावर एक चक्र यायला हवं. माझं असं होतं: गाडीत उकाडा, हृदय जरा जोरात, 'अटॅक येतोय' हा विचार, भीती, ॲड्रेनलिन, हृदय आणखी जोरात, 'बघ, खरंच येतोय'. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं हे चक्र मांडलं. आपल्या आजीने ते चार शब्दांत सांगून ठेवलंय: मन चिंती ते वैरी न चिंती. फक्त आजीकडे त्यावर गृहपाठ नव्हता.

गृहपाठ यायलाच हवा. साधी वही, रकाने आखलेली: प्रसंग, मनात आलेला विचार, भीती किती (० ते १००), त्या विचाराच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा. पुढच्या सत्रात ती वही उघडून बघितली गेली पाहिजे. दिलेला गृहपाठ दोन सत्रं कुणी विचारलाच नाही तर तुम्ही विचारा, "वही बघायची का?"

सत्र कसं सुरू होतं तेही बघा. सीबीटीत बहुतेक वेळा सुरुवातीलाच 'आज कशावर काम करायचं' ते दोघं मिळून ठरवतात. पन्नास मिनिटं कुठे गेली कळलंच नाही असं दर वेळी होत असेल, तर गप्पा छान झाल्या एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ८ : अवघड भाग, आणि तो टाळणारा सायकॉलॉजिस्ट

चौथ्या सत्रात बाईंनी मला तिथेच एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावलं. आधी दमा, फिट, हृदयविकार, गरोदरपण यातलं काही नाही ना, ते विचारून घेतलं. मिनिटात चक्कर, धडधड, बोटांना मुंग्या. लोकलमधलं सगळं त्या खुर्चीत हजर. आणि दोन मिनिटांत ते आपोआप ओसरलंही. तीन ईसीजींनी जे पटलं नव्हतं ते तिथे पटलं.

मग शिडी केली. दुपारी दोन वाजता डोंबिवलीच्या फलाटावर अर्धा तास नुसतं उभं राहायचं, गाडी पकडायची नाही: भीती ३०. स्लो लोकलने कोपरपर्यंत, एकच स्टेशन: ४०. दिव्यापर्यंत, पण दाराजवळ न थांबता आत बसून: ५५. मुंब्रा, कळवा करत ठाण्यापर्यंत, पाण्याची बाटली घरी ठेवून: ७०. सकाळी साडेआठची फास्ट: ९५. बाटली का ठेवायची? कारण ती, लिमलेटची गोळी, दाराची जागा, सतत चालू असलेला नवऱ्याचा फोन, ही सगळी माझी ताईत-गंडे होती. गाडी सुखरूप पोचली की श्रेय बाटलीला जायचं आणि भीती शाबूत राहायची. एकेक पायरी मी पाच-सहा वेळा केली. दिव्याला एकदा रडत उतरले, परत डोंबिवलीला आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपरपासून सुरुवात केली. फास्टला अकरावा आठवडा उजाडला.

काही सायकॉलॉजिस्ट इथे कच खातात. पेशंट घाबरेल, सोडून जाईल, म्हणून दीर्घ श्वास आणि रिलॅक्सेशनवरच महिने काढतात. सात-आठ सत्रं झाली आणि भीतीच्या जागी जाण्याचं नावही निघालं नसेल तर सरळ विचारा, "एक्स्पोजर कधी सुरू करायचं?" उलट बाजूने, पहिल्याच आठवड्यात कुणी तुम्हाला गर्दीच्या फास्टमध्ये ढकलत असेल तर तेही चूक. शिडीची प्रत्येक पायरी तुमच्या होकारानेच ठरली पाहिजे.

आठव्या सत्राच्या आसपास जीएडी-७ पुन्हा भरा आणि पहिल्या आकड्याशेजारी लिहा. फरक नसेल तर आधी त्यांच्याशीच बोला. तरीही काही हललं नाही तर दुसरीकडे जाण्यात कृतघ्नपणा नाही. मी पहिल्या ठिकाणी 'त्यांना वाईट वाटेल' म्हणून दोन सत्रं जास्त केली होती.

दोन फाटे

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी: एनएचएस टॉकिंग थेरपीज या सरकारी सेवेकडे जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, फी नसते आणि दुभाषा मागता येतो. तिथे थेरपिस्ट बीएबीसीपी या सीबीटी करणाऱ्यांच्या संस्थेकडे मान्यताप्राप्त आहे का ते बघतात. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो, तेव्हा न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या माणसाकडून ऑनलाइन सत्रं घेण्याआधी तिथल्या नियमांत ते बसतं का, हे त्यालाच विचारा.

आणि हे सगळं पारखायला वेळ नसेल, म्हणजे जगणंच नको वाटत असेल किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर या पायऱ्या बाजूला ठेवा. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नाहीतर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात कुणाला तरी सोबत घेऊन जा.

एवढं वाचूनही फोन लावायला हात धजत नसेल तर ते साहजिक आहे, फोन लावण्याची भीती हाही चिंतेचाच भाग असतो. मी फोन केला नव्हता. व्हॉट्सॲप केलं होतं, आणि ते लिहायला चाळीस मिनिटं लागली होती. तुमची चाळीस मिनिटं वाचावीत म्हणून मजकूर देते, जसाच्या तसा पाठवा:

"नमस्कार. मला गेले काही महिने चिंतेचा त्रास होतो आहे. शारीरिक तपासण्या नॉर्मल आहेत. सीबीटी घ्यायची आहे. आपण मोठ्या माणसांच्या चिंतेवर सीबीटी करता का, आपला आरसीआय नोंदणी क्रमांक काय, आणि आपण सीबीटी कुणाच्या सुपरव्हिजनखाली शिकलात, हे कळवाल का? फी आणि पहिली मोकळी वेळही सांगावी. फोनवर बोलायला सध्या जड जातं, मेसेजवर उत्तर दिलं तर बरं होईल."